चार ओळींच्या सुभद्राकाकू

सुभद्राकाकू ई-मेल सांगायला आल्या की पिशवी ठेवायच्या, पाणी प्यायच्या आणि पुन्हा दुकानाबाहेर जायच्या. चपला काढून उंबऱ्यापाशी उभ्या राहायच्या आणि मला म्हणायच्या, "गजू, तू आता हैदराबादचा हाटेलवाला. खा डबा." मी निमूटपणे डबा उघडायचो. दोन घास पोटात गेले की काकू दाराची चौकट वाजवून बोलायला लागायच्या. बोलता बोलता माझी नजर मोबाइलकडे, भाजीकडे नाहीतर रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या मोटरसायकलकडे वळली, की त्या तिथेच थांबायच्या. "इथून पुढचं काट." मग पुन्हा चौकट, पुन्हा पहिल्यापासून. माझी पोळी वाळून जायची आणि मी जाम वैतागायचो. पण शेवटी जे उरायचं ते चार ओळींत बसायचं, आणि तेवढंच आम्ही पाठवायचो.

आर्णीला तहसील कचेरीच्या रस्त्यावर माझं ऑनलाइन सेंटर आहे. पीक विमा, शिष्यवृत्ती, सातबारा, दाखले. दिवसभर लोकांचे अंगठे यंत्रावर दाबून घ्यायचे आणि "सर्व्हर डाऊन आहे" हे वाक्य पन्नास वेळा सांगायचं. असं काम करून माणूस गोड बोलेल कसा? माझ्या तोंडाला लागायला लोक घाबरतात, हे मला ठाऊक आहे. काकू घाबरल्या नाहीत. पहिल्याच दिवशी रांग सोडून पुढे आल्या, साठीची उंच बाई, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि म्हणाल्या, "भाऊ, ज्याची आपली वळख नाई त्याले चिठ्ठी लिवाची हाय. कंपूटरातून. जमते काय?" मी म्हटलं, "रांगेत या." त्या म्हणाल्या, "रांगेत येतो. जमते काय ते सांग, नाई तं मी उगाच उभी कायले राहू?"

त्या जवळच्याच एका बंजारा तांड्यावरच्या. घरात गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, एसटीत हिंदी. शाळा मात्र चौथीपर्यंतच. तांड्यातल्या चौदा बायकांचा गट करून त्यांनी एक छोटी दालमिल उभी केली होती. विटा स्वतः वाहिल्या, पत्रे स्वतः चढवले. पहिल्या वर्षी डाळ आठवडी बाजारात आणि सोयऱ्याधायऱ्यांत विकली आणि वर्षातले आठ महिने यंत्रावर धूळ बसली. तेव्हा आर्णीच्या एका व्यापाऱ्याने मिल दहा वर्षांसाठी भाड्याने मागितली. तांड्यातल्या बाप्यांना ते पटलं. दिवाळीनंतर बैठक झाली आणि तांड्याच्या नायकाने निर्णय सांगितला, की होळीपर्यंत बाहेरचं एक पक्कं गिऱ्हाईक आणा, नाहीतर मिल व्यापाऱ्याला द्या. बायकांना तिथेच रोजाने काम मिळणार होतं. काकूंना नेमकं तेच झोंबलं. "आमचीच तूर, आमचीच मिल, अन् आम्हीच तिथं मजूर?"

मग मी माझी अक्कल चालवली. आमच्या भागात परक्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे अर्ज करायचा, आणि अर्जाला कागद कमी पडला की माणूस हात हलवत परत येतो, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी इंग्रजीत झोकात सुरुवात केली, 'आदरणीय महोदय, सविनय सादर करण्यात येते की'. विषय, 'तूरडाळ खरेदी करणेबाबत'. शेवटी 'आपली विश्वासू'. आणि सोबत आठ कागद: गटाची नोंदणी, चौदा अंगठ्यांचा ठराव, सातबारा, आधार, रहिवासी दाखला, काकूंचा जातीचा दाखला आणि दोन पासपोर्ट फोटो. नागपूर ते हैदराबाद अशा साठ हॉटेलांचे पत्ते काढले आणि एका दमात सगळ्यांना तोच मेल पाठवला.

पंधरा दिवसांत एकच उत्तर आलं. एका मोठ्या हॉटेलने लिहिलं होतं, "आपल्या अर्जाबद्दल आभार. सध्या आमच्याकडे जागा रिकामी नाही. आपला अर्ज आम्ही नोंदवून ठेवला आहे." मी ते मराठीत वाचून दाखवलं. काकूंना आधी कळेना. मग कळलं आणि त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अरे बाप्पा! म्हंजे तू माह्या नोकरीचा अर्ज केला काय रे? या वयात मले हाटेलात लावतं?" रांगेतले लोकही हसायला लागले. मी सगळ्यांवर खेकसलो.

हसून झाल्यावर काकू बाकावर बसल्या आणि त्यांनी त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी एक गोष्ट मला सांगितली. "माहा खापरपणजा बैलाच्या पाठीवर मीठ नेये. गावात गेला का आधी गोण्या खोलत नोहता. विहिरीवर जाऊन बसे. कोणाच्या घरचं मीठ सरलं हे बाया तिथं बोलत. मंग तो त्याच दारात जाये." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "या साठ लोकायच्या घरी काय सरलं, हे तुले मालूम हाय?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग दार कायले वाजवलं?"

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला दुकान बंद करायला लावून पांढरकवड्याला नेलं. त्यांचा भाचा नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवतो. तो थांबतो त्या ढाब्यावर आम्ही जाऊन बसलो. काकूंनी फक्त डाळ मागवली. खाल्ली नाहीच. ताटात पसरून एकेक दाणा अंगठ्याखाली दाबत बसल्या आणि मऊ दाण्यांचा एक ढीग, कडक दाण्यांचा दुसरा, असे दोन ढीग केले. आजूबाजूचे ड्रायव्हर बघायला लागले तसा मी लाजेने अर्धा झालो. शेवटी आचारीच बाहेर आला. काकूंनी विचारलं, "भय्या, ऐसाच होता क्या रोज?" तो भडाभडा बोलायला लागला, "क्या बताऊं माई, आधी गलती है, आधी वैसीच रहती है. गॅस जलता, टाइम जाता, ऊपर से मालिक चिल्लाता." जुनी तूर, नवी तूर, चार गावांची तूर एकत्र भरडली की असंच होणार. काकूंच्या तांड्याची तूर मात्र एका शिवारातली, एका हंगामाची. हे त्यांना जन्मापासून माहीत होतं. कोणाला त्याची गरज आहे हे त्या दिवशी कळलं. परतीच्या एसटीत त्या भलत्याच खुशीत होत्या.

भाच्याला त्यांनी कामाला लावलं. "मालकाचं नाव नको आणू. डाळ मोजून कोण घेते, शिजली नाई तं बोलणे कोण खाते, त्याचं नाव आण." नव्या तुरीची रास घरात येईपर्यंत भाच्याने एकोणीस नावं आणली. प्रत्येकाबद्दल एखादी गोष्टही आणली. कोणाचे डबे सकाळी सातला निघतात, कोणाकडे वसतिगृहाच्या मुली रोज वरणाबद्दल तक्रार करतात. आणि मग आमच्या दुकानात ते चौकट वाजवणं सुरू झालं.

हैदराबादला वसतिगृहांची स्वयंपाकघरं चालवणाऱ्या पद्मा मॅडमना गेलेला मेल असा होता. विषय, 'वरणातले कडक दाणे'. खाली चार ओळी. "तुमच्या मुली वरणात कडक दाणे लागतात म्हणतात, असं ऐकलं. आमची डाळ एकाच तांड्याच्या शेतांतली, एकाच हंगामाची आहे आणि एकसारखी शिजते. तुम्ही हो म्हणाल तर दोन किलो पाठवू, शिजवून पाहा. नको असेल तर 'नको' एवढंच लिहा, पुन्हा त्रास देणार नाही." बस्स. मी म्हटलं, "काकू, 'उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर' तरी टाकू द्या." त्या म्हणाल्या, "हे तं सडकी डाळ इकणाराही म्हणते. काट."

"आणि गटाची माहिती? चौदा महिला, स्वतःच्या कष्टाने..."

"तिले तिच्या डाळीची पडली हाय, आपल्या कष्टाची नाई. डाळ आवडली तं बाई विचारीन. तवा सांगू."

कागद एकही जोडला नाही. मला रात्रभर चुकल्यासारखं वाटत राहिलं.

उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी दुसरा मेल. "माझा मेल पाहिला का" असं मी लिहायला घेतलं की त्या हातावर चापट मारायच्या. "दुसऱ्यांदा दारात जाचं तं हातात काही नवं घेऊन जा. आज सकाळी आमची डाळ किती शिट्ट्यांत शिजली, ते लिव." असे जास्तीत जास्त तीन मेल. "चौथ्या बारी माणूस कुत्रं सोडते." पाच जणांनी 'नको' कळवलं, तर काकू खूश. "यायनं वाचलं तरी! चांगली माणसं हायेत." पाठवलेल्या प्रत्येक मेलचा छापील कागद त्या माझ्याकडून घ्यायच्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांड्यावर न्यायच्या.

होळीला तीन आठवडे उरले असताना पद्मा मॅडमचं उत्तर आलं, "पाठवा." डाळ गेली. होळीला सहा दिवस असताना दुसरं उत्तर आलं. डाळ एकसारखी शिजली होती. त्यांना दर महिन्याला हवी होती, आणि मिल रोज चालेल एवढी हवी होती. शेवटी एक प्रश्न होता, "वर्षभर देऊ शकाल का?" मी खुर्चीतून उठून ओरडलो. काकू मात्र बोटं मोडून हिशेब करत होत्या, कोणाच्या शेतात किती तूर झाली याचा. मग म्हणाल्या, "लिव. जूनपर्यंत देऊ. पुढं आमची तूर सरते. बजारातली घेऊन देणार नाई."

मी समजावून पाहिलं. पुढचं पुढे बघता येईल, आधी गिऱ्हाईक तर हातात येऊ द्या. "लिव म्हटलं ना," एवढंच त्या बोलल्या. त्या बोलायच्या वऱ्हाडीत, मी टाइप करायचो इंग्रजीत, आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी टाइप केलं, "होय, वर्षभर देऊ." पाठवलं. कागद छापून त्यांच्या हातात दिला. आज लिहितानाही कान गरम होतात. पण खरं सांगतो, त्या दिवशी मला आपण फार शहाणे आहोत असं वाटत होतं. या बाईचा भोळेपणा तिची मिल घालवेल आणि मी तिला वाचवतोय, असं मी मनाशी घोकत होतो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोवर काकू दारात. बरोबर त्यांची सून पूजा, बारावी झालेली. पूजाने तो कागद आदल्या संध्याकाळी गटाच्या बायकांसमोर वाचला होता. काकूंनी आवाज चढवला नाही. कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "गजू, मी बोलली ते यात कुठी हाय?"

मी आधी आवाज चढवला. म्हटलं, होळी पाच दिवसांवर आली आहे, मिल जाईल, मग बसा जूनपर्यंत जूनपर्यंत करत! लोक काय काय थापा मारून धंदे करतात, आणि तुम्हाला एवढंसं...

"थ्या बाईनं मले इचारलं होतं," काकू म्हणाल्या. "तुले नाई. अन् तू माह्या तोंडानं खोटं बोलला."

काकूंनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस. लिव आता."

मी बसलो. पूजा माझ्या खांद्यामागे उभी राहिली. मी 'टायपिंगची चूक झाली' असं सुरू केलं. पूजाने ते वाचून सांगितलं. काकू म्हणाल्या, "टायपिंगची कायले? लिव, कालचं उत्तर चुकीचं होतं, चूक आमची हाय. डाळ जूनपर्यंतच देऊ. त्यावर तुमाले घ्याची असन तं घ्या." मी विनवलं, "निदान 'आमची' नको, 'माझी' लिहितो." त्या म्हणाल्या, "चिठ्ठी माह्या नावानं गेली. आमचीच." मेल गेला. जाताना त्या माझ्याकडे वळून न बघता गेल्या, आणि ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

चार दिवस काही नाही. मी दर दहा मिनिटांनी मेल उघडत होतो, गिऱ्हाइकांचे फॉर्म चुकवत होतो. होळीच्या दिवशी दुपारी तांड्यावर बैठक होती आणि सकाळी साडेदहाला उत्तर आलं. रोखठोक. "हे पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. मी वर्षभराचं गृहीत धरून जुना पुरवठादार बंद करणार होते. आता अर्धी मागणी त्याच्याकडे ठेवते. अर्धी डाळ तुमच्याकडून, जूनपर्यंत." मी मोटरसायकल काढली आणि तांड्यावर पोचलो. नायकासमोर तो मेल वाचला. मग सगळ्यांना सांगितलं की उरलेली अर्धी डाळ माझ्या खोटेपणाने गेली, काकूंनी खरं तेच सांगितलं होतं.

बाप्यांत कुजबुज झाली. अर्ध्यावर मिल कशी चालायची? काकू उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, आवाज एकदम शांत. "पक्कं गिऱ्हाईक मांगतलं होतं, ते आणलं. अर्धं हाय, पण पक्कं हाय. बाकीचं अर्धं मी हुडकतो. मिल कोणालेही भेटणार नाई." नायकाने मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "एक साल." चौदाच्या चौदा बायका एकदम बोलायला लागल्या. थोड्या वेळाने लेंगी, म्हणजे तांड्याची होळीची गाणी, सुरू झाली आणि मला कोणीतरी ओढून नाचायला नेलं. काकू नाचल्या नाहीत, माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "उद्या धूळवड. परवा दुकान उघडजो, कामं पडले हायेत."

त्यानंतर तीन महिन्यांत आम्ही चाळीसच्या वर मेल लिहिले. एकही साचा नाही; प्रत्येकासाठी नव्याने दारात उभं राहणं, नव्याने काटाकाट. पूजा दरवेळी बाजूला. काकूंनी तिला सांगून ठेवलं होतं, "शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचजो. गजू चांगला माणूस हाय, पण त्याले घाई हाय." हे माझ्यासमोरच! मी चिडायचो आणि काकू गालात हसायच्या. जूनपर्यंत यवतमाळची एक खानावळ आणि नागपूरची दोन वसतिगृहं मिळाली. दुसऱ्या वर्षी पद्मा मॅडमनी पूर्ण मागणी काकूंना दिली, तीही जूनपर्यंतच. तिसऱ्या वर्षी सात ठिकाणी डाळ जात होती. आर्णीचा तो व्यापारी पुन्हा काही तांड्यावर फिरकला नाही.

तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर काकूंना ताप आला. आठ दिवस अंगावर काढला. शेवटी यवतमाळला नेलं, तोवर उशीर झाला होता. मला पूजाच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी कोणाचा तरी पीक विमा भरत होतो. दुकानात माणसं असताना मी रडलो. लोकांनी आपापले कागद उचलले आणि न बोलता बाहेर जाऊन उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी सात गिऱ्हाइकांना कळवायला मी बसलो. "सुभद्राबाई राठोड सोमवारी गेल्या. डाळीचा पुरवठा पूर्वीप्रमाणे सुरू राहील." असं लिहायची रीतच आहे. बटणावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. सुरू राहील, हे मला कोणी सांगितलं होतं? मी दुकानाला कुलूप लावलं आणि तांड्यावर गेलो.

बायका पूजाच्या अंगणात बसल्या होत्या. अशा घरी धंद्याचं विचारायचं कसं, मला कळेना. शेवटी विचारलं, "गिऱ्हाइकांना काय कळवू?" पूजा म्हणाली, "तूर आत्ता फुलावर हाय, भाऊ. यंदा अळी लय दिसते. शेंगा भरल्या का सांगू. आज कायले सांगाचं?" बाकीच्यांनी माना हलवल्या. मी मोबाइल काढून तिथेच बसून लिहिलं. "सुभद्राबाई राठोड सोमवारी गेल्या. तूर अजून शेतात आहे. डाळ देऊ का आणि किती देऊ, ते शेंगा भरल्यावर पूजा राठोड तुम्हाला कळवतील."

मोबाइल पूजाच्या हातात दिला. तिने डोळे पुसले, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. "बरोबर हाय," म्हणाली, आणि तिनेच मेल पाठवला.